जित्या बाईला श्रद्धांजली

मी चौथी पास. पण शाळेत राहिलो हेडमास्तरांपेक्षा जास्त. हेडमास्तर आले, गेले, त्यांच्या खुर्च्या बदलल्या. टोल आणि मी, आम्ही दोघं तिथंच. धुळ्याच्या देवपुरातल्या एका हायस्कुलात मी शिपाई होतो आणि आता रिटायर होऊन शाळेच्या मागच्या गल्लीतच राहतो.

या अंकाचे संपादक आमच्याच शाळेतून निघालेले. ते घरी येऊन म्हणाले, नाना, नोकरीवर लिहा, लोक आवडीनं वाचतील. मी म्हणलं, शिपायाच्या नोकरीत काय वाचणार? पाणी भरलं, झाडलं, टोल दिला. ते म्हणाले, तेच लिहा. मग लिहायला बसलो. पण आधीच सांगतो, नोकरीवर थोडं लिहीन. रिटायर झाल्यावर नववीच्या वर्गात जाऊन बसलो होतो त्यावर जास्त लिहीन. कारण माझी बायको कमल गेल्यापासून डोक्यात तेच आहे, आणि तिच्या मोठ्या बहिणीशी, आक्काशी, माझं बोलणं तुटलं होतं ते या वर्गामुळं जोडायला निघालो.

पहिले नोकरीचं.

लोकांना वाटतं शिपाई म्हणजे टोल. टोल कोणीपण देतो. खरं काम बातमीचं. हेडमास्तर वहीत सूचना लिहायचे, खाली सही करायचे. ती वही घेऊन मी एकेका वर्गात जायचो. सर मोठ्यानं वाचायचे, सही करायचे, मी पुढच्या वर्गात. उद्या सुट्टी असो की फीची शेवटची तारीख असो, सहीशिवाय कागद हलत नसे. पोरं माझ्या हातातली वही बघूनच ओरडायची, सुट्टी, सुट्टी. निम्म्या वेळा ती खताच्या खड्ड्याची नाहीतर वृक्षारोपणाची सूचना असायची.

दुसरं काम म्हणजे वर्गातून पोराला बोलावून आणायचं. हे कोणी शिकवत नाही. घरी कोणाचं काही झालं की नातेवाईक गेटवर येतो, मी त्याला ऑफिसात नेतो, मग हेडमास्तर मला पाठवतात. वर्गात जाऊन काय बोलायचं? मी एवढंच म्हणायचो, "सर, याला घरून बोलावलंय, पाहुणे आलेत." मग दप्तर मी उचलायचो. पोरानं दप्तर स्वतः भरायला घेतलं की वह्या खाली पडतात आणि सगळा वर्ग बघत बसतो. गेटपर्यंत मी काहीतरी इकडचं तिकडचं बोलायचो. गेटच्या बाहेर त्याच्या घरच्याच्या हातात हात द्यायचो आणि मग ते सांगायचे. बातमी माणसाच्या तोंडून यावी, आणि ऐकणाऱ्याला धरायला कोणीतरी जवळ असावं, इतकंच मला कळत होतं.

यात गंमतीपण व्हायच्या. एक पोरगा होता, त्याच्या चुलत्याला पोराशिवाय दुकानात करमायचं नाही. तो दर थोड्या दिवसांनी गेटवर यायचा, चेहरा पाडून म्हणायचा, याची आजी वारली, सोडा. आम्ही सोडायचो. एका वर्षात ती बाई तीनदा वारली. एक दिवस दुपारच्या सुट्टीत एक म्हातारी डबा घेऊन आली, त्याच पोराचं नाव सांगून. मी म्हणलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, आजी. मी म्हणलं, "आजी, तुम्ही तर परवाच वारल्यात." तिनं डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मंग आज भाकर कोनी थापी? भूतनी?" त्या चुलत्याला हेडमास्तरांनी बोलावून जे झाडलं ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. फार बरं वाटलं.

तेव्हा हसलो. माझ्याच घरी तसं होईल असं वाटलं नव्हतं.

कमलला रक्त कमी पडायला लागलं. आधी थकवा, मग पायावर सूज. धुळ्यातच दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशन करायचं ठरलं, डॉक्टर म्हणाले आधी रक्त लागेल, बी पॉझिटिव्ह. माझ्याकडं बटणांचा फोन. माझा पुतण्या विलास म्हणाला, काका, मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो, कोणीतरी येईल. त्याला फोटो पाहिजे होता, म्हणजे लोक लक्ष देतात. आता कमलचा एकटीचा फोटो कुठं? ती कायम मागं उभी राहणार, नाहीतर स्वयंपाकघरात. एकच फोटो सापडला. मी रिटायर झालो तेव्हा शाळेनं आम्हा दोघांचा सत्कार केला होता, जोडीनं खुर्च्यांवर बसवून. शाल, नारळ, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हा एवढा हार. विलासनं त्यातून मला कापला, एकट्या कमलचा फोटो काढला, खाली लिहिलं की रक्ताची गरज आहे, आणि टाकून दिला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ज्यानं फोटो बघितला त्यानं हार बघितला. खाली मजकूर होता, तो कोण वाचतो? कोणी हात जोडले. कोणी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. एकानं तर लिहिलं, गावाची माउली हरपली. ज्या गावात कमल आयुष्यात दहा दिवस सलग राहिली नाही त्या गावाची माउली.

आक्का मुक्ताईनगरला राहते. कमलची एकच बहीण, माहेरचं दुसरं कोणी उरलं नाही. दोघी लहानपणी साक्रीकडच्या खेड्यात वाढल्या, आक्का इतकी वर्षं तिकडं नांदूनही बोली माहेरचीच बोलते. तिच्या पोरानं, सुनीलनं, तिला फोटो दाखवला. आक्कानं लगेच गाडी करायला लावली. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी अंगावर घालून नेतात. ती साडी नसली तर बाई परकी गेली असं म्हणतात. आक्का दुकानात थांबून साडी घेऊनच आली. हिरवी, बारीक काठाची.

दवाखान्यात कुठल्या खाटेवर आहे हे विचारताना ती रडतच होती, नर्स घाबरल्या. पडदा बाजूला करून आत आली तर कमल उशीला टेकून बशीत चहा ओतत होती. आक्का जागच्या जागी बसली. कमलनं तिच्याकडं बघितलं, हातातल्या पिशवीकडं बघितलं, आणि तिला सगळं समजलं. ती म्हणाली, "जित्ती शे मी, आक्का. रडू नको. चहा पी."

आक्का साडी मागं लपवत होती. ती मढ्यासाठी आणलेली, अपशकुनी, परत नेते म्हणाली. कमल म्हणाली, दाखव. हात फिरवून बघितली. म्हणाली, "चांगली शे. माले दे. मी जित्तीच नेसस."

आणि ऑपरेशन होऊन दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी तीच साडी नेसून घरी आली. आक्काला हे माहीत नव्हतं. आक्का त्या दिवशी दवाखान्यातून गेली ती थोडी रागावून, थोडी लाजून गेली. सुनीलनं माझी फजिती केली म्हणत होती.

नंतर काही आठवडे आमच्या घरी हाच खेळ. तो फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जात राहिला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा परत यायचा. लोक मला फोन करून हळू आवाजात बोलायचे. मी कमलच्या हातात फोन द्यायचो. ती म्हणायची, "हां, मी मेलेली बोलतेय. काय काम काढलं?" एका जावेनं तिच्यावर फार चांगलं लिहिलं होतं म्हणे, स्वभाव किती गोड होता वगैरे. कमल म्हणाली, ही बाई मी जिवंत असताना असं एक अक्षर बोलली नाही, मरणं फायद्याचंच पडलं. आम्ही खूप हसलो. ते हसणं मला फार महाग पडलं, कारण नंतर दोन महिन्यांत कमल खरंच गेली.

सकाळीच गेली. घरात मी होतो. पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणून सांगत नाही. विलास आला, शेजारी आले. विलासनं ग्रुपवर टाकलं. आणि फोटो? दुसरा फोटो होताच कुठं? तोच हाराचा टाकला.

लोकांनी बघितलं, म्हणाले, अरे हे जुनंच फिरतंय. गल्लीतले लोक होते, शाळेतले मास्तर लोक होते. बाहेरगावचं फार कोणी आलं नाही. आक्का नाही आली. विलास म्हणाला, सुनील ग्रुपमध्ये आहे, त्याला कळलंच असेल. आम्ही वाट बघितली. मग लोक म्हणाले आता उशीर नको. पांझरेच्या काठी नेलं.

कोणाकडून तरी खरं कळलं तेव्हा आक्का तिसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, माझ्या बहिणीचं तोंड मला दाखवलं नाही. मी काय बोललो ते लिहितो, कारण लिहायचं ठरवलंय. मी म्हणलं, खोट्या मरणाला गाडी करून आलीस, खऱ्या मरणाला काय मुहूर्त बघत होतीस? ती पाणीसुद्धा न घेता गेली. तिनं मला सोडलं, मी तिला सोडलं. वर्षश्राद्धाला माहेरचं कोणी येणार नाही हे नक्की झालं. कमलसाठी माहेर म्हणजे ती एकच बाई, आणि ती येणार नाही. हे माझ्या छातीवर बसलं होतं.

आता वर्ग.

बोरसे मॅडम आमच्या शाळेत नववीला शिकवतात. त्या इथंच शिकल्या. त्या सातवीत असताना त्यांचे वडील केळीच्या ट्रकवर होते, फैजपूरकडं जाताना अपघातात गेले. त्यांना वर्गातून मीच आणलं होतं. त्यांचं दप्तर मी उचललं होतं, हे त्यांना अजून आठवतं, मला आठवत नव्हतं. अशा खूप पोरांना मी आणलंय.

मॅडम एक दिवस घरी आल्या. म्हणाल्या, नाना, वर्गात दोरी बांधायची आहे, भिंतीत दोन खिळे मारून द्या. आता शाळेत कंत्राटी शिपाई आहे, तो खिळा मारतो तर भिंत पडते. मी हातोडी घेऊन गेलो. घरात बसून तरी काय करत होतो?

वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली, कपडे वाळत घालतो तशी. मॅडमनी कपड्यांचे चिमटे आणले होते. मी विचारलं, धुणं टाकायचंय का? त्या म्हणाल्या, नाही, मोबाईल टांगायचाय. पोरं हसली. मी खिळे मारून निघालो तर म्हणाल्या, बसा नाना, बघा तरी. मी शेवटच्या बाकावर बसलो. शाळेत इतकी वर्षं काढली, पण बाकावर बसायची वेळ कधी आली नव्हती.

ते असं चालतं. शाळेत पोरांना मोबाईल आणायची बंदी. म्हणून मॅडम त्यांना मोबाईल कागदावर शिकवतात. पोरांचे गट पाडले. एक गट म्हणजे एक ग्रुप, प्रत्येक ग्रुपला एक ॲडमिन. पहिल्या गटाला मॅडमनी चिठ्ठी दिली, नळावर दोन बायका हंड्यावरून भांडल्या, एवढंच. त्यांनी ती आपल्या शब्दांत लिहून दोरीला टांगायची, पुढच्या गटानं ती वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि पुढं टांगायची. लिहायला वेळ थोडाच द्यायच्या, मोबाईलवर जशी घाई असते तशी. दोरीच्या शेवटी पोचेपर्यंत नळावर दंगल झाली, पोलीस आले, दोन दिवस पाणी बंद. ज्या गटानं पोलीस आणले त्यातला पोरगा म्हणाला, मॅडम, आम्ही खोटं नाही लिहिलं, आम्हाला वाटलं एवढी भांडणं झाली तर पोलीस आलेच असतील.

मी त्या दिवशी हसलो. घरी गेल्यावर हसू गेलं. मला वाटलं, माझ्या कमलला या दोरीवरच मारलं. त्या दोरीवरचा पहिला हात कोणाचा ते मला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमकडं गेलो. म्हणलं, माझी एक बातमी दोरीला लावा. पोरांना म्हणा, शोधा, कोणी मारलं.

मॅडम म्हणाल्या, नाना, तुम्हाला त्रास होईल. मी म्हणलं, झाला तेवढा पुरे आहे, आणखी काय होणार? मग त्या म्हणाल्या, "लावू. पण मुलं नाव शोधणार नाहीत. कुठं चुकलं ती जागा शोधतील. चालेल?" मी चालेल म्हणलं. मनात म्हणलं, जागा सापडली की नाव मी काढीन.

विलास फोन घेऊन आला. मॅडमनी त्या दोन्ही दिवसांचे सगळे संदेश वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून काढले. पहिल्या वेळचे पिवळ्या कागदावर, खऱ्या वेळचे पांढऱ्या. नावं काढून टाकली, हाराचा फोटो फळ्यावर लावला. चिठ्ठ्या मिसळून गटांना वाटल्या आणि सांगितलं, क्रम लावा, दोरीला टांगा, आणि बाई कुठल्या चिठ्ठीला मेली ते दाखवा. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. पोरांना माहीत होतं ती माझी बायको. म्हणून सुरुवातीला ती हळू बोलत होती. थोड्या वेळानं विसरली आणि भांडायला लागली, मला तेच बरं वाटलं.

पिवळ्या चिठ्ठ्या टांगल्या. एक गट म्हणाला, इथं मेली, जिथं पहिल्यांदा श्रद्धांजली लिहिलं. दुसरा म्हणाला, नाही, त्याच्या आधी हात जोडलेत, ते बघून पुढच्यानं लिहिलं, म्हणून हात जोडणाऱ्यानं मारली. तिसऱ्या गटातला एक म्हणाला, त्यानं बिचाऱ्यानं बरी होऊ दे म्हणून हात जोडले असतील. त्यावर बरीच वादावादी झाली. आरती म्हणून एक पोरगी आहे, फटकळ, माझ्यासारखीच. ती उठून फोटोजवळ गेली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "नाना, हार कशाचा आहे?"

मी सांगितलं, माझ्या सत्काराचा.

"मग दुसरा फोटो का नाही टाकला?"

म्हणलं, नव्हता. तिचा एकटीचा फोटो कोणी काढलाच नव्हता.

आरती म्हणाली, मग मॅडम, इथं कोणी मारलं नाही. सगळ्यांनी चांगलंच करायला घेतलं होतं. फक्त खालचं वाचलं नाही.

मला राग आला. मी उठून म्हणलं, कोणीच नाही असं कसं? माणूस मारून टाकला आणि कोणीच नाही? मॅडमनी मला बसा म्हणलं नाही. त्यांनी आरतीला विचारलं, कोणीच वाचलं नाही का? तेव्हा एका गटानं हात वर केला. त्यांच्याकडं एक पिवळी चिठ्ठी उरली होती, कुठं लावायची कळत नव्हतं. ओळीनं श्रद्धांजल्या चालल्या होत्या आणि मध्येच ही: मी निघालोय, माझा रक्तगट जुळतो, कुठल्या मजल्यावर येऊ?

त्या गटातला पोरगा म्हणाला, "मॅडम, मेलेल्या बाईला रक्त द्यायला कोण येतं? यानं वाचलं होतं."

तो माणूस खरंच आला होता. अंगानं किरकोळ, शर्टाची बाही गुंडाळून बाकावर बसला होता, मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला होता. लांबच्या नात्यातला असावा, नाव विचारायचं राहून गेलं. त्याच्या रक्तावर कमल ते दोन महिने जगली, हिरवी साडी नेसली, फोनवर मी मेलेली बोलतेय म्हणाली. ज्या ग्रुपनं तिला मारलं त्यातूनच तो आला होता. हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी बसलो.

मग पांढऱ्या चिठ्ठ्या. या खऱ्या दिवसाच्या. इथं पोरांना शोधायला काही नव्हतं, बाई गेलीच होती. मॅडमनी वेगळं विचारलं. म्हणाल्या, या दोरीवर कोणीतरी एकटं पडलंय, ते कोण ते बघा.

पोरं प्रत्येक चिठ्ठी दोन-दोनदा वाचत होती. आरतीच्या गटानं एक चिठ्ठी दोरीवरून काढून माझ्याकडं आणली. त्यात लिहिलं होतं: मावशीचं हे जुनंच फिरतंय का? आई विचारते आहे. कोणीतरी सांगा.

कमलला मावशी म्हणणारा त्या ग्रुपमध्ये एकच माणूस. सुनील. म्हणजे आई म्हणजे आक्का.

मी म्हणलं, पुढची चिठ्ठी दाखव. पुढची भावपूर्ण श्रद्धांजली होती. त्याच्या पुढचीपण. शेवटपर्यंत तेच. तिला कोणी सांगितलंच नाही. ती विचारत होती आणि आम्ही सगळे हात जोडत होतो. मी तर तेव्हा तिची वाट बघत दारात उभा होतो.

आरती म्हणाली, "नाना, तुम्हाला पाणी आणू?" मी म्हणलं आण. शिपायाला पोरीनं पाणी आणून दिलं.

नंतर गटांनी मोठ्या कागदावर आपापले नियम लिहून भिंतीला लावले. फोटोच्या आधी मजकूर वाचायचा. जुनं आहे का ते तारीख बघून ठरवायचं. रडायच्या आधी फोन करायचा, हा एका पोराचा नियम, सगळे हसले. आरतीच्या गटाचा एकच होता: ग्रुपवर कोणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळालं का ते बघायचं. मॅडमनी मला विचारलं, नाना, तुमचा नियम? मी म्हणलं, मी चौथी पास, नियम तुम्ही करा. मला उद्या मुक्ताईनगरला जायचंय.

जायच्या आधी विलास म्हणाला, काका, कशाला त्रास, मी सुनीलला मेसेज करतो. त्याला मी काय म्हणलं ते छापण्यासारखं नाही.

धुळ्याहून जळगाव, तिथून मुक्ताईनगरची गाडी. रस्त्यानं केळीचे ट्रक भरून चाललेले. आक्काचं घर स्टँडपासून लांब नाही. दारात पोचलो तर ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही. या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. तिच्या सुनेनं पाणी आणलं, मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

पोरांना गेटपर्यंत नेताना मला इकडचं तिकडचं बोलता यायचं. इथं काही सुचेना. सरळ बोललो. म्हणलं, आक्का, तू त्या दिवशी विचारलं होतंस. मला काल कळलं, नववीच्या वर्गात बसून. तुला कोणी सांगितलं नाही.

ती गहू निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी तिना फोन लावा व्हता. वाजी वाजी बंद पडना. कोनी उचला नही." ती सांगत होती आणि मला तो आवाज आठवला. कमलला आंघोळ घालत होते तेव्हा आत फळीवर कसलातरी फोन वाजत होता. मला वाटलं कोणाचातरी असेल, तो कमलचाच होता. आक्का म्हणाली, तिला वाटलं, कमल चुलीशी असेल, हात रिकामा नसेल.

म्हणलं, तुझी साडी होती.

तिचे हात थांबले.

म्हणलं, हिरवी. तू ती अपशकुनी म्हणून टाकून गेलीस ना? कमल दवाखान्यातून तीच नेसून घरी आली. पोळ्यालाही नेसली. आणि शेवटी मी तिच्या अंगावर तीच घातली. घरातली दुसरी काढली नाही. ती माहेरच्याच साडीत गेली, आक्का.

आक्का पदरात तोंड घालून रडली. खूप रडली. सून बाहेर आली, परत आत गेली. मी बसून राहिलो. धरायला कोणीतरी जवळ असावं म्हणतो मी, पण मेहुणीला धरता येत नाही, म्हणून नुसता बसलो. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. डोळे अगदी कमलसारखे.

"इतलं सांगाले तुमले नववीमा बसनं पडनं, नाना?"

म्हणलं, हो. नापासच होत आलो होतो.

ती हसली नाही, पण तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. चहा आला. बशी माझ्याकडं सरकवली आणि हळूच विचारलं,

"तिना डोकावर पदर व्हता ना?"

म्हणलं, होता. मीच घेतला होता. नीट बसत नव्हता, दोनदा घेतला.